स्पर्धेच्या घोड्यांची वाहतूक

शर्यती, अडथळ्यांवरील उड्या, ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर ठरलेल्या चाली करून दाखवणे), पोलो अशा स्पर्धांसाठी घोड्याला पागेतून मैदानापर्यंत वाहनाने नेणे आणि या प्रवासात त्याची तब्येत व ताकद शाबूत राखणे, असे या व्यवहाराचे दुहेरी स्वरूप आहे. पूर्वी घोडे चालवत नेत. इंग्लंडमध्ये १८३६ साली एलिस नावाचा घोडा गुडवूडहून डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीला जायचा होता. चालत जायला सुमारे दोन आठवडे लागले असते, म्हणून तो वेळेवर पोहोचणार नाही असे सट्टेवाल्यांनी धरले आणि तो जिंकल्यास पैज लावणाऱ्याला मिळणारा भाव चढत गेला. घोडेमालक लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी त्याला आतून गादी लावलेल्या, सहा घोडे जोडलेल्या बंद गाडीतून तीन दिवसांत नेले. ताजातवाना एलिस शर्यत जिंकला आणि गाडीतून घोडे नेण्याची चाल रुळली.

घोडा हा प्रवास उभ्यानेच करतो. गाडी वळली, ब्रेक लागला, खड्डा आला की दर वेळी पाय फाकवून त्याला तोल सावरावा लागतो. त्यामुळे सहा तासांचा प्रवास म्हणजे त्याच्या स्नायूंना सहा तासांचे काम आहे. जागा फार अरुंद असली तर पाय फाकवता येत नाहीत आणि तो दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आदळत राहतो. हळू वळणारा, दुरूनच वेग कमी करणारा चालक हा महागड्या गाडीपेक्षा मोठा आधार आहे.

तरी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानेची आहे, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. श्वासमार्गात गेलेली धूळ आणि जंतू घोडा मान खाली घालून, फुरफुरून बाहेर टाकतो. दोरी आखूड बांधून डोके तासन्‌तास वर ठेवले की हा निचरा थांबतो, जंतू फुप्फुसात उतरतात आणि फुप्फुसांना व त्यांच्या आवरणाला सूज येते. घोडेवाल्यांत हा आजार ‘शिपिंग फीव्हर’ या नावाने ओळखला जातो. लक्षणे अनेकदा पोहोचल्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतात: ताप, चाऱ्याकडे पाठ, जड श्वास, चालताना अंग आखडणे. वेळीच उपचार न झाल्यास घोडा दगावू शकतो. यावरचा उपाय साधा आहे. दर चार-पाच तासांनी सुरक्षित जागी थांबावे, दोरी सैल करून मान जमिनीपर्यंत जाऊ द्यावी आणि चारा खाली ठेवावा. गवत भिजवून दिले की धूळ उडत नाही. झरोके उघडे ठेवावेत. बंद गाडीत मुताचा अमोनिया आणि उष्मा कोंडतो, आणि घोड्याला गारठ्यापेक्षा उष्म्याचा त्रास जास्त होतो.

गाडीत चढवण्याची तयारी कित्येक दिवस आधी सुरू करावी लागते. उतरत्या फळीवर टाप पडताच येणारा पोकळ आवाज आणि आतला अंधार यांनी घोडा बिचकतो. म्हणून फळीवर रबरी चटई घालतात, आतला दिवा लावतात आणि उभ्या गाडीतच रोज थोडा खुराक देतात. बांधण्याचाही क्रम ठरलेला आहे. चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग डोके बांधायचे. उतरवताना आधी दोरी सोडायची, मग दांडा काढायचा. उलट झाले तर घोडा मागे सरतो, दोरीचा हिसका बसताच घाबरून ओढ घेतो आणि मान किंवा पाय जखमी करून घेतो. शांत करणारी औषधे शर्यतीतील व स्पर्धेतील उत्तेजक चाचणीत पकडली जातात, त्यामुळे सवय लावण्याला पर्याय नाही. सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, ओळखीचा असावा. जमल्यास शेजारच्या ठाणातला घोडा सोबत असावा.

अनोळखी चवीचे पाणी घोडा नाकारतो. पाणी कमी पडले की पोटशूळाचा धोका वाढतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने तो जिवावर बेतू शकतो. म्हणून घरचेच पाणी पिंपात भरून नेतात व निघण्याआधी दाणा कमी करून गवत वाढवतात. लांबच्या प्रवासानंतर पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या वर पारा गेला तर पशुवैद्याला बोलवावे.

भारतात प्राणी वाहतूक नियम, १९७८ लागू आहेत. घोडे प्रवासास योग्य आणि संसर्गमुक्त असल्याचा पशुवैद्याचा दाखला त्यांनुसार आवश्यक आहे. मालवाहू गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा घोडे, जमिनीवर पाय न घसरेल असे आवरण, दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि ताशी ३५ किलोमीटरची वेगमर्यादा, अशा तरतुदी आहेत. येणाऱ्या वाहनांनी बुजू नये म्हणून तोंडे डावीकडे ठेवायची, हा नियम तर घोडा ओळखणाऱ्यानेच लिहिलेला वाटतो. महाराष्ट्रात हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर व पावसाळ्यात पुण्याला शर्यती होत असल्याने शर्यतीचे घोडे दरवर्षी घाट चढतात-उतरतात. दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात परप्रांतांतूनही घोडे ट्रकने येतात. नियमांची खरी गरज अशा लांब पल्ल्यालाच असते.

परदेशी स्पर्धांसाठी घोडे विमानात लाकडी किंवा धातूच्या ठाणांत उभे करून नेतात. त्या प्रवासात खरी अडचण रोगांची असते. ऑस्ट्रेलियातील कडक विलगीकरणामुळे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. २००७ साली आयात घोड्यांबरोबर ऑस्ट्रेलियात अश्व इन्फ्लुएन्झा शिरला आणि शर्यती ठप्प झाल्या. रोगांच्या याच अडचणीमुळे भारतीय स्वारही वर्षानुवर्षे युरोपात घोडे ठेवून सराव करत आले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चमूचे घोडेही युरोपातच तयार झाले होते. २०२५ मध्ये मेरठ छावणीतील लष्कराच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त अश्वक्षेत्र म्हणून मान्यता दिली, त्यामुळे भारतात तयार झालेला घोडा परदेशी स्पर्धेला नेण्याची वाट मोकळी झाली आहे.