याल्टात युरोप वाटून घेतला? नाही हो

शीतयुद्धाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की फेब्रुवारी १९४५ मधे अमेरिकेचा रुझवेल्ट, ब्रिटनचा चर्चिल आणि रशियाचा स्टालिन क्रिमियातल्या याल्टा गावी परिषदेला बसले, नकाशावर रेघ मारली आणि अर्धा युरोप रशियाला देऊन टाकला. ऐकायला भारी, पण असं झालंच नाही.

द्यायला हातात होतं काय? रुमानियाची राजधानी बुखारेस्ट आणि बल्गेरियाची सोफिया १९४४ मधेच रेड आर्मीकडे, म्हणजे रशियाच्या सैन्याकडे गेलेलं, पोलंडचं वॉर्सा जानेवारी १९४५ मधे, आणि परिषद चालू होती तेव्हा त्यांचे रणगाडे बर्लिनपासून साधारण ७० किलोमीटरवर! हरल्यावर जर्मनीचा कुठला भाग कुणाच्या ताब्यात राहील, ते झोन याल्टात पक्के झाले हे खरं, पण पूर्व युरोपबद्दल कागदावर उलटंच लिहिलंय, मुक्त झालेल्या देशांत मोकळ्या निवडणुका घ्यायच्या म्हणून. स्टालिननं सही केली आणि पाळलं नाही, पोलंडमधे जानेवारी १९४७ ला निवडणूक झाली ती सरळ घोटाळ्याची. खरं भांडण इथून वाढलं.

वाटणीसारखं काही झालं असेल तर ते ऑक्टोबर १९४४ ला मॉस्कोत, चर्चिलनं स्टालिनसमोर चिठ्ठीवर कुठल्या देशात कुणाचा किती प्रभाव याचे टक्के लिहिले, रुमानिया ९० टक्के रशियाला, ग्रीस ९० टक्के ब्रिटनला, युगोस्लाव्हिया निम्मं निम्मं, जणू भाऊबंदकीतली जमीनच 😄 रुझवेल्ट त्या खोलीत नव्हताच. आणि चिठ्ठीत पोलंडचं नावही नव्हतं.

याल्टाची बदनामी करण्यात फ्रान्सचा नेता द गॉल याचाही हात होता, त्याला बोलावलंच नव्हतं ना.