ग्लागोलिती आणि सिरिलिक: संत सिरिलने नेमकी कोणती लिपी घडवली?

रशियन, बल्गेरियन, सर्बियन ज्या लिपीत लिहितात ती सिरिलिक. नावावरून ती संत सिरिलने केली असे वाटते, पण त्याची लिपी वेगळी होती: ग्लागोलिती.

मोरावियाचा राजा रास्तिस्लाव याला प्रजेच्या स्लाव्ह भाषेत धर्म शिकवणारी माणसे हवी होती. बायझंटाईन सम्राटाने ८६३ च्या सुमारास थेसालोनिकीचे दोघे भाऊ धाडले, कॉन्स्टंटाईन आणि मेथोडियस. या कामासाठी कॉन्स्टंटाईनने लिपी रचली. 'सिरिल' हे नाव त्याने रोममध्ये, ८६९ साली मरण येण्याच्या थोडेच आधी, मठवासी होताना घेतले.

मेथोडियसही ८८५ मध्ये गेला आणि शिष्यांना मोरावियातून हाकलले गेले. त्यांना बल्गेरियाच्या बोरिस राजाने आसरा दिला. तिथे प्रेस्लाव्हच्या आसपास सिरिलिक घडली. तिचा पाया सरळ ग्रीक अक्षरांचा. ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी जादा अक्षरे जोडली. तीन उभ्या दांड्यांचे 'श' तर दोन्ही लिप्यांत जवळपास सारखेच आहे. एरवी मात्र वर्तुळे, त्रिकोण आणि वळसे असलेली ग्लागोलिती कुठल्याच ओळखीच्या लिपीसारखी दिसत नाही. ग्रीक वाचता येणाऱ्यांना सिरिलिक सोपी गेली, यात नवल ते काय!

खरी फसगत आकड्यांत होते. दोन्हींत अक्षरेच अंक म्हणून वापरत. ग्लागोलितीत ती ओळीने मोजतात: अ १, ब २, व ३. सिरिलिकने ग्रीक हिशेब उचलला. त्यात 'ब'ला जागाच नाही आणि 'व' म्हणजे २. त्यामुळे एका लिपीतला मजकूर दुसरीत उतरवताना अंक तसेच ठेवले, तर चूक ठरलेली.

थोरली कोण, याचा पुरावा चर्मपत्रांवर आहे: जुनी ग्लागोलिती खरवडून वर सिरिलिक लिहिलेली पाने सापडतात.

पुढे ग्लागोलिती तगली ती मुख्यतः क्रोएशियात, तीही कॅथलिक चर्चमध्ये. १२४८ मध्ये पोपने सेनच्या बिशपला तशी परवानगी दिली होती. गोल अक्षरे तिथे टोकदार झाली. क्रक बेटावरचा बाश्काचा शिलालेख साधारण ११०० चा, आणि १४८३ मध्ये या लिपीत प्रार्थनाग्रंथ छापलाही गेला. आज युरोच्या नोटांवर 'एव्रो' सिरिलिकमध्ये असते, तर क्रोएशियाच्या १, २ आणि ५ सेंटच्या नाण्यांवर ग्लागोलिती अक्षरे.