किमान वेग 40 की 70? पेसमेकरमधले आकडे आणि थकलेलं हृदय

पेसमेकर बसवताना डॉक्टर त्यात काही आकडे भरतात. त्यातला पहिला म्हणजे ठोक्यांचा किमान वेग. हृदय स्वतःहून त्याहून जलद चालत असेल, तर यंत्र नुसतं लक्ष ठेवतं. वेग खाली घसरला, की आपला ठोका देतं. पंपिंग कमी झालेल्या हृदयासाठी हा आकडा मिनिटाला 40 ठेवावा की 70? कुणीही म्हणेल, 70. अशक्त हृदयाला मदत जितकी जास्त तितकी चांगली.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ चाचणीत नेमकं हेच तपासलं गेलं. 506 रुग्ण, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन 40 टक्के किंवा त्याहून कमी. म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात जेमतेम 40 टक्के किंवा त्याहूनही कमी बाहेर पडायचं. निरोगी हृदयात हे प्रमाण 55 ते 70 टक्क्यांच्या आसपास असतं. सगळ्यांच्या छातीत शॉक देणारं यंत्र होतं, ज्याला पेसमेकरचंही काम करता येतं. पेसमेकरची खरी गरज मात्र कुणालाच नव्हती. एका गटात किमान वेग 40 ठेवला, म्हणजे यंत्र जवळजवळ गप्पच. दुसऱ्या गटात 70, आणि ठोके वरच्या-खालच्या दोन्ही कप्प्यांना. वर्षभरानंतर मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (म्हणजे हृदयाचं काम शरीराला पुरं पडेनासं झाल्याने) रुग्णालयात भरती, या दोन्हींपासून दूर राहिलेले रुग्ण 40च्या गटात सुमारे 84 टक्के होते. 70च्या गटात सुमारे 73.

मदत जास्त आणि निकाल वाईट. दोष नुसत्या वेगाचा नव्हता, ठोका कुठून निघतो याचा होता.

हृदयाची स्वतःची वायरिंग आहे. वरच्या कप्प्यात निघालेला संदेश मधल्या गाठीत क्षणभर थबकतो आणि मग खास तंतूंच्या जाळ्यातून दोन्ही खालच्या कप्प्यांत जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. पेसमेकरची वायर मात्र नेहमीच्या पद्धतीत उजव्या खालच्या कप्प्यात अडकवलेली असते. तिथून निघालेली लहर स्नायूतून स्नायूत, हळूहळू सरकत डाव्या बाजूला जाते. ओला कपडा दोघांनी पिळायला घ्यावा आणि एकाने पीळ द्यावा तेव्हा दुसऱ्याचं टोक सैल असावं, तसं होतं. ताकद खर्च होते, पाणी निघत नाही. निरोगी हृदय हे वर्षानुवर्षं सहन करू शकतं. आधीच थकलेल्या हृदयाला त्याचा भार लवकर जाणवतो. 70च्या गटात निम्म्याहून अधिक ठोके असे उजवीकडून येत होते.

पुढच्याच वर्षी ‘मोस्ट’ या मोठ्या चाचणीच्या माहितीतून असाच इशारा मिळाला. दोन्ही कप्प्यांना ठोका देणाऱ्या पेसमेकरच्या रुग्णांत खालच्या कप्प्याचे 40 टक्क्यांहून अधिक ठोके यंत्राचे असले, तर हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका सुमारे अडीच पटींनी वाढलेला दिसला.

मग यंत्रांना संयम शिकवायला सुरुवात झाली. वरच्या कप्प्याच्या ठोक्यानंतर खालच्या कप्प्याला ठोका देण्याआधी पेसमेकर किती मिलिसेकंद थांबतो, हा दुसरा महत्त्वाचा आकडा. तो वाढवला, की हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगला संधी मिळते. (फार वाढवूनही चालत नाही, वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ बिघडतो.) आजची बरीच यंत्रं हे आपोआप करतात. अशा संयमी यंत्रांच्या 2007 सालच्या एका चाचणीत खालच्या कप्प्याच्या पेसिंगचं प्रमाण 99 टक्क्यांवरून सुमारे 9 टक्क्यांवर आलं, आणि वरच्या कप्प्यांची टिकून राहणारी अनियमित धडधडही कमी रुग्णांत झाली.

आता गंमत बघा. ज्यांचा डावीकडचा विद्युतमार्गच बिघडलेला असतो, अशा काही रुग्णांना तीन वायरींचा पेसमेकर बसवतात. तो डाव्या आणि उजव्या दोन्ही खालच्या कप्प्यांना एकत्र ठोका देतो, याला सीआरटी म्हणतात. इथे नियम पूर्ण उलटा. यंत्राने जवळजवळ प्रत्येक ठोका द्यायला हवा. 2011 साली तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 98.5 टक्क्यांहून अधिक पेसिंग असलेल्यांचं आयुष्यमान सर्वांत चांगलं दिसलं. 90 टक्के हा परीक्षेत उत्तम आकडा, इथे काळजीचा. शिवाय यंत्राचा हिशोब फसवाही असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका आणि यंत्राचा ठोका एकाच वेळी आले, तर यंत्र तो आपल्या खात्यात जमा करतं, प्रत्यक्षात त्याचा उपयोग थोडाच झालेला असतो. म्हणून संशय आला तर डॉक्टर चोवीस तासांचा होल्टर (ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र) लावून पडताळतात.

अलीकडे तिसरा मार्ग पुढे आला आहे: वायर थेट हृदयाच्या नैसर्गिक विद्युतमार्गातच रोवायची. डॉ. प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हिस बंडलमध्ये (मधल्या गाठीतून खाली जाणाऱ्या मुख्य तंतूंच्या जुडीत) कायमची वायर बसवल्याचं प्रसिद्ध केलं; 2017 नंतर या जुडीच्या डाव्या फांदीच्या परिसरात वायर बसवण्याची पद्धत जोरात पसरली. ठोका यंत्राचा, पण प्रवास जुन्याच रस्त्याने. माझ्या मते वरच्या साऱ्या आकडेमोडीची बरीच कटकट यातून सुटू शकते, मात्र मोठ्या चाचण्यांचे निकाल यायला वेळ आहे.

वेगाचा प्रश्नही संपलेला नाही. हृदय पिळतं ठीक, पण भिंती ताठ झाल्याने नीट भरत नाही, असा हार्ट फेल्युअरचा एक प्रकार आहे. ‘मायपेस’ चाचणीत पेसमेकरमुळे खालच्या कप्प्यांचा मेळ फारसा बिघडत नसलेल्या अशा शंभरेक रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचा किमान वेग 60 ऐवजी प्रत्येकाच्या मापाने थोडा वाढवला. वर्षभर त्यांना अधिक बरं वाटलं. ‘रॅपिड-एचएफ’मध्ये मात्र चालताना-फिरताना वेग वाढवून व्यायामाची क्षमता वाढली नाही, ठोके वाढले तसं प्रत्येक ठोक्यातलं रक्त घटलं. दोन्ही निकाल 2023 चे, दोन्ही चाचण्या लहान.

हे आकडे बदलायला चिरफाड लागत नाही. त्वचेवरून प्रोग्रामर (पेसमेकरशी बिनतारी बोलणारा संगणक) जोडून काही मिनिटांत काम होतं. तपासणीच्या कागदावर खालच्या कप्प्याच्या पेसिंगचा टक्का छापलेला असतो. साध्या पेसमेकरमध्ये तो जास्त असेल आणि दम लागणं किंवा पायांवरची सूज वाढली असेल, तर टू-डी एको करून घ्यायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. पण पूर्ण हार्ट ब्लॉक असलेल्या, म्हणजे वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचतच नसलेल्या माणसात 100 टक्के दिसले म्हणून घाबरू नये. तिथे यंत्र थांबलं तर हृदयाजवळ भरवशाचा ठोका उरत नाही.