लॉकिंग माउंट: जमिनीवरून अँकरला जोडणी कशी करावी आणि कशी तपासावी

उंचीवरच्या कामाला हार्नेस (अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) आला, लाइफलाइन (सुरक्षा दोर) आली, हेल्मेट आले. पण ती लाइफलाइन वरच्या अँकरला, म्हणजे इमारतीत पक्क्या बसवलेल्या रिंगला किंवा दांड्याला, अडकवणार कोण? बहुतेक ठिकाणी एक जण शिडी लावून वर जातो, अडकवतो आणि खाली येतो. त्याच्यामागून चढणारे सगळे सुरक्षित असतात. तो मात्र दोन्ही वेळा, जाताना आणि येताना, कशालाही बांधलेला नसतो. काम संपल्यावर सामान सोडवायला पुन्हा त्यालाच पाठवतात. लॉकिंग माउंट आम्ही बनवतो ते या एका चढाईसाठी. लांब पोलच्या टोकावर माउंट बसवायचे, जमिनीवर उभे राहून ते अँकरमध्ये अडकवायचे, लॉक पडले याची खात्री करायची आणि पोल काढून घ्यायचा. सोडवायचेही खालूनच.

हे पत्रक माउंटसोबत येते. कृपया ते स्टोअरमध्ये फाइलला न लावता पोल ज्याच्या हातात असतो त्याला द्या.

माउंट काय करत नाही, ते आधी सांगतो, कारण विचारणा करणाऱ्यांच्या मनात घोटाळा असतो तो इथेच. माउंटमुळे अँकर मजबूत होत नाही. गंजलेल्या रिंगला उत्तम माउंट लावले तरी ती गंजलेली रिंगच राहते. पडण्याचा झटकाही माउंट कमी करत नाही. ते काम शॉक अॅब्सॉर्बरचे किंवा आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या लाइफलाइनच्या ब्रेकचे. आणि माउंट ही वजन उचलायची साखळी नव्हे. त्याला मोटार टांगू नका.

आत काय घडते

माउंटचे मुख्य भाग चार: वरचे वाकडे तोंड, ते बंद करणारे गेट, गेटच्या शेपटीवर पडणारे लॉक आणि खालची डोळ्याच्या आकाराची रिंग. या रिंगमध्ये लाइफलाइन किंवा इतर सामान जमिनीवर असतानाच जोडायचे असते. पोलच्या टोकाला जी मुंडी आहे तिच्यात माउंट दाबून बसवले की मुंडीतली पिन लॉक मागे सारते आणि गेट उघडे धरून ठेवते. या अवस्थेत माउंटच्या बाजूची लाल पट्टी दिसते.

आता तोंड अँकरच्या रिंगवरून न्या आणि पोल सरळ खाली ओढा. माउंट रिंगमध्ये बसते, मुंडी मात्र खाली सरकत राहते. ती सरकली की पिन सुटते, स्प्रिंगने गेट मिटते आणि त्यामागे लॉक पडते. नीट ऐकलेत तर दोन आवाज येतात: आधी गेटचा मोठा, लगेच लॉकचा बारीक. लॉक पडले की लाल पट्टी झाकली जाते. माउंट अँकरवर टेकल्याशिवाय मुंडी सुटत नाही, त्यामुळे ते अर्ध्यात निसटून डोक्यावर पडण्याची भीती राहत नाही. तरीही पोल धरताना माउंटच्या बरोबर खाली उभे राहू नका. एक पाऊल बाजूला सरा आणि हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा लावा.

काढताना मुंडी माउंटवर चढवायची, पाव फेरा फिरवायची, मग वर दाबायची. फिरवणे आणि दाबणे या दोन वेगळ्या क्रिया आम्ही मुद्दाम ठेवल्या आहेत. पडण्यापासून बचाव करणाऱ्या जोडणीचे गेट किमान दोन लागोपाठच्या, जाणूनबुजून केलेल्या क्रियांशिवाय उघडता कामा नये, ही कनेक्टरच्या, म्हणजे अशा जोडणीच्या हुकांच्या, ईएन ३६२ या युरोपीय मानकातली अट आहे. एकाच धक्क्याने उघडणारे गेट कधीतरी चुकून उघडतेच.

जुन्या, लॉक नसलेल्या हुकांचे नेमके हेच होत असे. दोर सैल पडला की हुक रिंगमध्ये आडवा फिरतो, पुन्हा ताण आला की रिंगच गेटवर दाब देते, गेट आत उघडते आणि हुक आपला आपण बाहेर पडतो. कोणी हात लावलेला नसतो, काही तुटलेले नसते. अमेरिकेत पडणे थांबवण्याच्या साधनांत असे हुक वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. त्यानंतरही गेटच्या ताकदीचा प्रश्न उरला होता. गेटने समोरून साधारण १ किलोन्यूटन (सुमारे शंभर किलो वजनाइतका ताण) सोसले तरी तिथल्या मानकात ते चालत असे. २००७ च्या आवृत्तीने ती अट १६ किलोन्यूटनवर नेली. जुन्या साठ्यातले हुक अजून कपाटात पडून असतील तर त्यांवरचे आकडे एकदा वाचा. गेटचा आकडा वेगळा कोरलेला असतो.

तपासणी: खाली ओढून काही कळत नाही

या पत्रकातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

माउंट लागले की जवळजवळ प्रत्येक जण दोर धरून खाली जोरात ओढतो. बसले, पक्के आहे, म्हणतो आणि चढायला लागतो. या ओढण्याने लॉकबद्दल काहीही सिद्ध होत नाही. गेट सताड उघडे असले तरी वाकडे तोंड रिंगवर टांगलेले असतेच, आणि टांगलेली वस्तू खाली ओढली तर घट्टच लागते. दार लोटलेले आहे की आतून कडी घातली आहे, हे दार आपल्याकडे ओढून कळत नाही. ढकलून पाहावे लागते.

म्हणून माउंट वर ढकलून पाहा. पोलची मुंडी उलटी फिरवा, तिची बोथट बाजू माउंटच्या बुडाला लावा, ते दोन-तीन बोटे वर उचला आणि ज्या बाजूने आत घातले त्याच बाजूने बाहेर काढायचा प्रयत्न करा. लॉक पडले असेल तर गेट रिंगवर आपटून थांबते. पडले नसेल तर माउंट मुकाट्याने बाहेर येते, आणि तुम्ही खाली असतानाच ते बाहेर आले हे बरे झाले. दोन बाजूंनी ढकला: एकदा गेटच्या बाजूने, एकदा पाठीच्या बाजूने.

त्यानंतर डोळ्यांनी. लाल पट्टी दिसता कामा नये. सहा मीटर उंचीवर, पत्र्याच्या छपराखालच्या अंधारात ती पट्टी दिसत नाही, अशी तक्रार आमच्याकडे येते आणि ती रास्त आहे. टॉर्च मारा, किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून पाहा. यात एक फायदाही आहे: त्या दिवशीच्या जोडणीची नोंद राहते. फोटोत गेट आणि रिंग यांच्यामध्ये दोरी, वायर किंवा रंगाचा पापुद्रा अडकलेला दिसला तर पट्टी झाकलेली असली तरी माउंट काढून पुन्हा लावा.

सगळ्यात शेवटी खाली ओढा. त्या ओढण्याचाही उपयोग आहे, फक्त तो अँकरसाठी आहे: रिंग हलते का, बोल्टभोवतीचे काँक्रीट भुरभुरते का, एवढे त्यातून दिसते. अँकरची खरी ताकद हाताने ओढून कळत नाही. ती ज्याने अँकर बसवला किंवा तपासला त्याच्या कागदावरच असली पाहिजे.

ताकदीचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकी नियमांत अँकरसाठी दर माणशी २२ किलोन्यूटनचा आकडा येतो. सोप्या हिशोबाने हे सव्वादोन टन वजन टांगल्यासारखे झाले. माणूस शंभर किलोचा, मग एवढे कशाला, असे विचारले जाते. शंभर किलोचा माणूस १.८ मीटर मोकळा पडला तर शेवटी त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस न ताणणाऱ्या दोराने दहा सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी झटका १८ किलोन्यूटनच्या वर जातो. अँकर टिकला तरी माणूस टिकत नाही. शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे झटक्याने शिवण सुटत जाणारा घडीचा पट्टा, उसवत जाऊन तेच थांबणे एक मीटरभर लांबवतो, आणि सरासरी झटका तीन किलोन्यूटनच्या आत येतो. युरोपीय मानकात अॅब्सॉर्बरला ६ किलोन्यूटनची कमाल मर्यादा आहे. म्हणजे माउंटच्या खालच्या रिंगमध्ये साधा दोर बांधून त्याला हार्नेस जोडणे हा प्रकार आमच्या दृष्टीने चालणारच नाही, माउंट कितीही भक्कम असो.

एक माउंट, एक माणूस. दोघांना लावायचे तर दोन माउंट आणि दोघांपुरता अँकर.

अँकर कुठे निवडावा यावरही थोडे. हाताने अडकवायचे असते तेव्हा माणूस हात पोचेल तिथे अडकवतो, पुष्कळदा कमरेच्या किंवा पायाच्या पातळीला. मग पडणे लांबते. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसपासून अँकरपर्यंतचा आखूड दोर), अॅब्सॉर्बर उसवण्याचे १.७५ मीटर, डी-रिंगपासून (हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून) पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळे, असे धरले तर अँकरच्या खाली सहा मीटरपेक्षा जास्त रिकामी जागा लागते. पाच मीटर उंच माळ्यावर पायापाशी अडकवून काम करणारा माणूस बांधलेला असूनही जमिनीवर आदळेल. पोलमुळे डोक्यावरचा अँकर गाठता येतो, हा माउंटचा दुसरा फायदा, आणि आमच्या मते पहिल्याइतकाच मोठा.

डोक्यावरचा म्हणजे बरोबर डोक्यावरचा. बाजूला सरकून काम केले आणि पडलात तर झोका बसतो आणि वाटेत खांब असेल तर त्यावर आपटता. दोर उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त तिरका होऊ देऊ नका. तीन मीटर लांब दोराला ते आडवे दीड मीटर होते. त्यापलीकडे काम असेल तर खाली या आणि माउंट पुढच्या अँकरवर हलवा. पोल हातात असताना हे दोन मिनिटांचे काम आहे, त्यामुळे कंटाळा ही सबब नको.

पोल

पोल पूर्ण लांब केला की टोक डुलते. पहिल्यांदा वापरणाऱ्याला रिंग सापडत नाही, मग तो घाई करतो. आधी छातीइतक्या उंचीवर एखाद्या रिंगमध्ये लावून-काढून सराव करा, डोळे मिटूनही लागेल इतका. प्रत्येक टप्प्याचे क्लॅम्प आवळल्याची खात्री करा. वारा असेल तर दोघे लागतात: एक पोल धरणारा, दुसरा लांबून तोंडाची दिशा सांगणारा. आपोआप गुंडाळली जाणारी लाइफलाइन चांगलीच जड असते. पोलवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत ती बसते का, आधी पाहा. बसत नसेल तर हलका उभा दोर आणि त्यावर सरकणारा, झटका बसला की दोर पकडणारा रोप ग्रॅब वापरा.

गुंडाळणारी लाइफलाइन टांगली तर तिच्या हुकाला एक बारीक दोरी बांधून ठेवा. लाइफलाइन वर गुंडाळली गेली तरी दोरीने ती खाली आणता येते. ती दिवसभर खाली ओढून खांबाला अडकवून ठेवू नका, आतली स्प्रिंग थकते. आणि हुक हातातून सोडून सटकन वर जाऊ देऊ नका.

विजेच्या तारांजवळ अॅल्युमिनियमचा पोल आणूच नका. फायबरग्लासचा पोल कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंतच वीज अडवतो. ओला किंवा धुळीने माखलेला असेल तर त्याचा भरवसा धरू नका. तारा जवळ असतील तर आधी वीजपुरवठा बंद करून घ्या.

निगा

रोज वापरण्यापूर्वी गेट दहा वेळा उघडून सोडा. ते दर वेळी स्वतःहून पूर्ण मिटले पाहिजे, बोटाने मदत लागता कामा नये. सिमेंटची धूळ हा माउंटचा सर्वांत मोठा शत्रू: स्प्रिंगच्या खाचेत ती बसते, ओल लागली की घट्ट होते आणि लॉक अर्ध्यावर अडकते. कोमट पाणी, साधा साबण, जुना टूथब्रश, मग सावलीत वाळवणे. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते; लावायचेच तर कोरडे वंगण. माउंटला ओळखीसाठी रंग देण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. रंगाखाली तडा लपतो आणि लाल पट्टीही झाकली जाते, म्हणून ओळख हवी असल्यास खालच्या रिंगला टॅग बांधा.

वर्षातून किमान एकदा जाणकार माणसाकडून तपासून घ्या आणि नोंद ठेवा. गेट लचकलेले, तोंड रुंदावलेले, रिंगमध्ये खाच पडलेली, कोरलेला क्रमांक पुसलेला, यातले काहीही दिसले तर माउंट बाजूला काढा. ज्या माउंटवर एकदा माणूस पडून थांबला ते दिसायला नवे कोरे असले तरी पुन्हा वापरायचे नाही. आम्ही ते दुरुस्त करून देत नाही. लोक आग्रह करतात, तरी नाही.

माणूस पडून हार्नेसमध्ये लटकला की काम संपलेले नसते. हालचाल न करता लटकून राहणे धोक्याचे असते, त्याला लवकरात लवकर उतरवावे लागते. त्याची तयारी चढण्यापूर्वीच हवी. शेजारच्या दुसऱ्या अँकरवर खालूनच दुसरे माउंट लावून त्याला सुटकेची कप्पी जोडता येते. म्हणून एक जादा माउंट आणि कप्पी पोलच्या पिशवीतच ठेवा, कुलूपबंद खोलीत नव्हे.

मागणी नोंदवताना

आम्हाला तीन मापे द्या: अँकरच्या रिंगची किंवा दांड्याची जाडी, रिंगच्या आतले मोकळे अंतर आणि जमिनीपासून अँकरपर्यंतची उंची. जाडी रंगासकट मोजा, गेटला तेवढ्यावरच मिटायचे असते. तुळईला अडकवायचे असेल तर माउंट थेट तुळईवर लावता येत नाही. धारदार कडेसाठी आवरण असलेली वायर स्लिंग आधी तुळईभोवती कायमची बसवून घ्या आणि तिच्या डोळ्याचे माप पाठवा. उंची मोजताना पोल धरणाऱ्याच्या खांद्याची उंची त्यातून वजा करू नका, ती आम्ही करतो.