मुक्तस्रोत युनिक्ससदृश कार्यप्रणाली : तुलना आणि निवड

युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीची रचना व वागणूक पाळणाऱ्या आणि ज्यांचा स्रोत (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कुणालाही वाचता, बदलता व वाटता येतो अशा कार्यप्रणालींचा गट. लिनक्सची वितरणे, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, ड्रॅगनफ्लाय बीएसडी आणि सोलारिस या युनिक्सच्या वंशातील इलुमॉस हे त्यातले आज प्रमुख. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर) बसल्यावर त्या एकमेकींसारख्याच वाटतात. प्रणाली कोणी, कशी एकत्र बांधली आणि पुढे कोण सांभाळते, हे पाहिले की खरा फरक कळतो.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात त्यावर बीएसडी ही शाखा वाढली; १९८३ च्या ४.२ बीएसडीतील टीसीपी/आयपी या जाळ्यावरील संवादाच्या नियमांमुळे इंटरनेटला पाया मिळाला. पुढे मालकीहक्काचा खटला उभा राहिला. १९९२ मध्ये सुरू झालेला हा वाद १९९४ मध्ये तडजोडीने मिटला, पण तोवर बीएसडीवर कायद्याचे सावट होते. याच काळात लायनस टॉर्व्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा गाभा (हार्डवेअर सांभाळणारा मध्यवर्ती भाग) आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधने एकत्र येऊन वेगाने पसरली. लिनक्सच्या मुसंडीमागे हा खटलाही होता, असे अनेक जाणकार मानतात.

लिनक्स म्हणजे काटेकोरपणे फक्त गाभा, म्हणजेच कर्नल. सी लायब्ररी, शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम), सेवा सुरू करणारी यंत्रणा आणि सॉफ्टवेअर बसवणारी पॅकेज व्यवस्था वेगवेगळ्या प्रकल्पांतून येतात. डेबियन, फेडोरा किंवा आर्चसारखी वितरणे त्यांची मोट बांधतात. बीएसडींमध्ये गाभा आणि मूळ साधने एकाच भांडारात, एकाच चमूकडून तयार होतात. म्हणून तेथील मॅन पाने (प्रणालीतच मिळणारी माहितीपत्रे) प्रत्यक्ष प्रणालीशी तंतोतंत जुळतात. विशेषतः ओपनबीएसडीत माहितीपत्रातली चूक ही प्रोग्रॅममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात. प्रणाली आतून शिकायची असेल त्याला याचा फायदा फार मोठा आहे.

फ्रीबीएसडी (१९९३) सर्व्हर व साठवणुकीच्या कामात बळकट आहे. २००० पासून तिच्यात ‘जेल’ आहेत, म्हणजे एकाच गाभ्यावर चालणारे परस्परांपासून अलग कप्पे. झेडएफएस ही फाइल प्रणाली तिच्यात मुळातच अंतर्भूत आहे. लिनक्सच्या मुख्य गाभ्यात झेडएफएस नाही, कारण तिचा सीडीडीएल परवाना आणि लिनक्सचा जीपीएल परवाना यांचे जुळत नाही. ती वेगळी बसवावी लागते. नेटफ्लिक्सचे चित्रफिती पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात.

नेटबीएसडीही १९९३ चीच. जुन्यापुराण्या व अनवट यंत्रांवर चालणे ही तिची ओळख. तिचा पीकेजीएसआरसी हा पॅकेज संग्रह इतर युनिक्सांवरही वापरता येतो.

थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून फारकत घेऊन ओपनबीएसडी सुरू केली. सुरक्षेसाठी स्रोताची ओळ न् ओळ तपासणे हा तिचा बाणा. जगभरचे सर्व्हर ज्या ओपनएसएसएच या दुरून सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाने सांभाळले जातात ते याच प्रकल्पातून १९९९ मध्ये आले. पीएफ ही फायरवॉलही (जाळ्यावरची ये-जा गाळणारी यंत्रणा) इथलीच. ‘प्लेज’ आणि ‘अनव्हेल’ या सोयींमुळे प्रोग्रॅम आपले अधिकार स्वतःच आखून घेतो आणि त्याबाहेर पाऊल टाकल्यास त्याला अडवले जाते. मात्र या निग्रहाची किंमत आहे. ब्लूटूथचा आधार २०१४ मध्ये काढून टाकला गेला, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा अधिकृत ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) नाही, आणि दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्यांपैकी फक्त शेवटच्या दोनच सांभाळल्या जातात. वर्षभरात अद्ययावत करणे जमणार नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

परवान्याचा प्रश्न उपकरण बनवणाऱ्यांना आधी भेडसावतो. जीपीएलखालील गाभा बदलून उपकरणासोबत विकला, तर बदलांसह गाभ्याचा स्रोत ग्राहकाला द्यावा लागतो. बीएसडी परवान्यात तशी अट नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतलेली आहे. समाजाचे काम समाजाकडे परतावे, असे वाटणाऱ्याला जीपीएल अधिक न्याय्य वाटेल, आणि त्यात तथ्य आहे.

निवड करताना काम आधी ठरवावे. डॉकर (प्रोग्रॅम अलग कप्प्यांत चालवणारे साधन), कूडा (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणन करण्याची व्यवस्था), नवा लॅपटॉप किंवा विक्रेत्याने प्रमाणित केलेले सॉफ्टवेअर हवे असेल तर लिनक्स घ्यावे. डॉकर लिनक्स गाभ्यातील नेमस्पेस व सीग्रुप या कप्पे अलग ठेवणाऱ्या सोयींवरच उभे आहे. त्यातही कार्यालयासाठी डेबियन स्टेबलसारखे संथ, दीर्घकाळ सांभाळले जाणारे वितरण बरे. फाइल साठवणुकीला फ्रीबीएसडी, राउटर व फायरवॉलला ओपनबीएसडी ही अनेक प्रशासकांची पसंती आहे आणि ती योग्य आहे. इलुमॉस उत्तम घडणीची आहे, पण हार्डवेअरचा आधार तोकडा असल्याने अनुभवी हातांसाठीच.

मराठी वापरणाऱ्याने देवनागरीच्या चिंतेने बीएसडी टाळण्याचे कारण नाही. अक्षरांची जोडणी हार्फबझ ही लायब्ररी व फॉन्ट करतात, इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा एक्सकेबी या कीबोर्ड व्यवस्थेतून मिळतो, आणि हे घटक बीएसडींवरही उपलब्ध आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय भाषा समोर ठेवून बॉस हे डेबियनवर आधारित वितरणही काढले आहे.

घोडे बहुधा वायफायवर अडते. वायफायची चिप त्या प्रणालीच्या यादीत आहे का, हे स्थापनेआधी पाहावे. यूएसबीवरून यंत्र सुरू करून ‘डीमेसेज’ आज्ञेचे उत्तर वाचले, की कोणते भाग ओळखले गेले ते दिसते. ओपनबीएसडीत ज्या भागापुढे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असे येते, त्याला ड्रायव्हर मिळालेला नसतो.