आधी बोर्डिंग, मग वर्ग: सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांची पार्श्वभूमी

शिकायला पोषक वातावरण कसे आखावे, यावर प्राध्यापकांच्या कार्यशाळा भरतात तेव्हा बोलणे बहुतेक वर्गखोलीचेच असते. बाकांऐवजी सुट्या खुर्च्या, स्मार्ट बोर्ड, गटचर्चा. सातारा-सांगली भागात या आखणीला सुरुवात झाली ती मात्र राहण्या-जेवण्यापासून.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. खेड्यातल्या मुलाला धडा समजत नव्हता अशातला भाग नव्हता. शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, इथेच त्याचे शिक्षण थांबत होते. बोर्डिंगात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली गांधीजी इथे येऊन गेले. जातीची भिंत पाडणे हा कुठल्या विषयाचा धडा नव्हता, तो राहण्याच्या व्यवस्थेतच बसवलेला होता. मला तरी या सगळ्या इतिहासातली सर्वांत नेमकी आखणी हीच वाटते.

त्याच १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. सांगली आणि मिरजेच्या मधले मोकळे आवार, ग्रंथालय, व्यासंगी प्राध्यापकांचा सहवास, अशी ती कल्पना. दोन्हीकडची मुले वेगळी, अडचणीही वेगळ्या.

१९४७ मध्ये पुन्हा तसाच योग आला. साताऱ्यात रयतचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि बोर्डिंगातली ‘कमवा व शिका’ची रीत पदवीच्या मुलांपर्यंत पोचली. काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा, असा हा रोकडा व्यवहार. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले. १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखले जाते. तिथे वर्कशॉप आलेच, कारण लोखंडाला हात लावल्याशिवाय अभियंता होत नाही. कला-वाणिज्य शाखांच्या वाट्याला मात्र चौथरा, फळा आणि ओळीने मांडलेली बाके, एवढेच आले.

याचा दोष एकट्या शिक्षकांना देणे बरोबर नाही. कॉलेज इथे असले तरी अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल बाहेरून येत. आधी मुंबई विद्यापीठ, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुणे आणि १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. अंतर कमी झाले, पण पद्धत तीच राहिली. वर्षाच्या शेवटी भलत्याच कुणी काढलेला पेपर सोडवायचा असेल तर विद्यार्थी नोट्सच मागणार आणि शिक्षकही त्याच उतरवून देणार. कॉलेजच्या हातात उरले ते वसतिगृह, ग्रंथालय, मैदान आणि स्नेहसंमेलन.

पुढे तालुक्या-तालुक्यात कॉलेजे झाली, गावाकडची मुले घरून येऊ-जाऊ लागली आणि बोर्डिंगचा धागाही विरळ झाला. पाटण किंवा जतकडच्या मुलाचे वेळापत्रक एसटीवर ठरते. शेवटचा तास संपला की पोरे थेट स्टँडवर. अभ्यासिकेत कितीही चांगल्या खुर्च्या घातल्या, तरी गावाची गाडी चुकणार असेल तर तिथे बसणार कोण?

१९९४ मध्ये महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली आणि कॉलेजांना स्वतःकडे पाहणे भाग पडले. फायलीही वाढल्या, तो भाग वेगळा. वर्गावर खरा परिणाम करू शकते ती स्वायत्तता. ती मिळालेली कॉलेजे आपला अभ्यासक्रम आखतात, आपले पेपर काढतात. साताऱ्यात तर रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे. परीक्षा आपल्याच हातात आली की प्रकल्प, तोंडी परीक्षा, क्षेत्रभेट यांना गुण देता येतात, आणि गुण असले की विद्यार्थी ते मनावर घेतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘ऑन जॉब ट्रेनिंग’लाही, म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकण्यालाही, श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. ‘कमवा व शिका’तल्या श्रमातून खर्च भागत असे, गुणपत्रिकेत त्याला जागा नव्हती. आता जागा आहे. साखर कारखान्यात, बँकेत किंवा हळदीच्या पेढीवर गेलेल्या मुलाला तिथे कोण शिकवणार आणि त्याचे काम कोण तपासणार, हे मात्र अजून प्रत्येक कॉलेज आपापल्या परीने ठरवते आहे.