वॉशिंग्टनचे सभ्याचाराचे नियम

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–१७९९) यांनी शाळकरी वयात वहीत उतरवून घेतलेले ११० शिष्टाचाराचे नियम. चारचौघांत वागावे-बोलावे कसे, हा त्यांचा विषय. हस्तलिखित वॉशिंग्टन शहरातील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात आहे. काही पाने उंदरांनी कुरतडलेली असल्याने अनेक ओळी अर्धवट राहिल्या आहेत.

हे नियम ‘वॉशिंग्टनची वचने’ म्हणून सर्रास खपवले जातात, पण त्यांतला एकही विचार त्यांचा स्वतःचा नाही. मूळ फ्रेंच नियमावली सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या वर्तुळातून पुढे आली, असे मानतात. लिओनार पेरँ या जेझुइट पंडिताने तिचा लॅटिन अवतार १६१७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १६४०च्या सुमारास ती इंग्रजीत आली. हे इंग्रजी रूपांतर फ्रान्सिस हॉकिन्स या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर आहे. व्हर्जिनियातल्या जॉर्जपर्यंत नियम पोचले ते त्या पुस्तकाहून बरेच आटोपशीर होऊन. मधला दुवा कोणता, गुरुजींनी सांगून लिहवून घेतले की समोर ठेवलेल्या मजकुराची नक्कल झाली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. वहीचा हा भाग वॉशिंग्टन यांनी वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत लिहिला असावा, असे मानतात. अमेरिकी लेखक मॉन्क्युअर कॉनवे यांनी १८९०च्या आवृत्तीत नियमांचे फ्रेंच मूळ दाखवून दिले, तोवर ते वॉशिंग्टन यांनीच रचले असावेत असा समज होता.

या वहीमागे घरची परिस्थितीही होती. वडील १७४३ मध्ये वारले, तेव्हा जॉर्ज अकरा वर्षांचे होते. थोरले सावत्र भाऊ इंग्लंडमध्ये शिकून आले होते. धाकट्याच्या वाट्याला ते शिक्षण आले नाही. भाऊ लॉरेन्स यांनी फेअरफॅक्स या बड्या जमीनदार घराण्याची मुलगी केली आणि त्या घराची दारे जॉर्जलाही उघडली. अशा घरात उठबस करायची तर टोपी कधी काढावी आणि चालताना मोठ्यांना कोणती बाजू द्यावी, हे ठाऊक असणे भाग होते. नियमांचा मोठा वाटा या मानपानातच खर्ची पडला आहे आणि आज तो भाग रटाळ वाटतो.

खरी गंमत आहे ती जेवणाच्या टेबलावर. ९० ते १०७ हे नियम जेवणाचेच आहेत. वाढलेल्याला नावे ठेवू नयेत. रस्सा गरम असला तर फुंकर न मारता निवेपर्यंत थांबावे. तोंडातला घास गिळल्यावाचून दुसरा घेऊ नये. टेबलावरच्या कापडाने, काट्याने किंवा सुरीने दात कोरू नयेत. एकशे चौथा नियम विशेष शहाणपणाचा आहे: जेवायला सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करावी, पण ती वेळेवर करावी, आणि सावकाश जेवणाऱ्याचेही पोट भरेल अशा बेताने पुढे जावे. एकशे पाचवा सांगतो की जेवताना काहीही झाले तरी रागावू नये. रागावण्याजोगे कारण असले तरी, विशेषतः परके लोक बसलेले असताना, चेहरा हसराच ठेवावा, कारण मने प्रसन्न असली की एकाच पदार्थाचीही मेजवानी होते. बासष्टावा नियम आनंदाच्या वेळी आणि जेवताना मृत्यू, जखमा असले विषय काढायला मनाई करतो. सणाला सारे कुटुंब एकत्र बसते आणि जुनी भांडणे उकरली जातात, त्या घरांत हे दोन नियम पाळले तरी पुष्कळ झाले.

सणांशी वॉशिंग्टन यांचा प्रत्यक्ष संबंधही आहे. नव्या राज्यघटनेखालचा पहिला राष्ट्रीय आभारदिन (थँक्सगिव्हिंग) त्यांनी ३ ऑक्टोबर १७८९च्या घोषणेने जाहीर केला. तो २६ नोव्हेंबर, गुरुवारी पाळला गेला. घोषणेचा रोख ईश्वराचे आभार मानण्यावर होता, मेजवानीवर नव्हे.

रोजच्या वागण्याचे नियम त्रोटक, पण नेमके आहेत. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर, ज्ञान नसताना लगेच वैद्य होऊ नये (३८). मनापासून झटूनही काम फसले तर त्या माणसाला दोष देऊ नये (४४). खरेपणाची खात्री नसलेली बातमी दुसऱ्याला सांगत सुटू नये (७९). गैरहजर माणसाची निंदा करू नये (८९). चारचौघांत पत्र किंवा पुस्तक वाचू नये, वाचणे भागच असेल तर परवानगी घ्यावी (१८). इथे पत्राच्या जागी मोबाइल घालून पाहायला हरकत नाही.

वॉशिंग्टन स्वतः हे सारे पाळत होते का? त्यांच्या संयमाची आणि औपचारिकतेची साक्ष अनेकांनी दिली आहे. पण पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांनी २७ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्राध्यक्षांकडच्या जेवणाचे रोजनिशीत जे वर्णन केले, ते मासलेवाईक आहे. आपण आजवर बसलो त्यांतले हे सर्वांत गंभीर जेवण, असे ते लिहितात. शिवाय टेबलावरचे कापड काढल्यावर यजमान हातातला काटा टेबलाच्या कडेवर आपटत बसले होते. चारचौघांत बोटांनी किंवा पायांनी ताल धरू नये, हा वहीतला चौथा नियम.

पहिल्या नियमानुसार माणसांत असताना केलेल्या प्रत्येक कृतीतून उपस्थितांविषयी आदर दिसावा. हा आदर बसलेल्यांपुरता होता, वाढणाऱ्यांसाठी नव्हता. वॉशिंग्टन यांच्या मृत्यूच्या वेळी माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ स्वतः वॉशिंग्टन यांच्या मालकीचे होते. पत्नी मार्था यांच्या पश्चात त्यांना मुक्त करावे, असे मृत्युपत्रात होते. मार्था यांनी त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले.

सुविचारांच्या संग्रहांत बहुधा शेवटचा, ११० वा नियम सापडतो: सदसद्विवेक नावाची दैवी ठिणगी मनात तेवत ठेवण्यासाठी झटावे. इतरांच्या देखत पिसवा, उवा आणि गोचिड्या मारू नयेत, हा तेरावा नियम मात्र तिथे सहसा दिसत नाही.